अस्वल शिवताना

मी कापडाची अस्वलं शिवते. सगळे ज्यांना टेडी बेअर म्हणतात तीच; पण कापड बेतण्यापासून नाकाच्या शेवटच्या टाक्यापर्यंत हाताने केलेली, मान आणि हातपाय फिरवता येतील अशी. नागपूर सोडून नागझिऱ्याच्या जंगलाजवळच्या एका गावात राहायला आलो तेव्हा हा माझा छंद होता. इथे त्याचा व्यवसाय झाला. या कामाने मला जे शिकवलं त्यातलं शिवणाबद्दलचं थोडं आहे. बरंचसं जनावरांबद्दल आहे आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांबद्दल.

हे काम मी शिकले ते एक जुनं अस्वल उसवून. नागपुरात ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे त्यांच्या वडिलांनी जर्मनीहून आणलेलं अस्वल होतं. त्याचा एक हात निखळला होता. मला शिवणाची आवड आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते माझ्याकडे दिलं. पाठीची शिवण उसवली तर आत कापूस नव्हताच. लाकूड तासून केलेले दोऱ्यासारखे बारीक तंतू ठासून भरलेले होते. खांद्यात पुठ्ठ्याच्या दोन कडक चकत्या, त्यांच्या मधून गेलेली दुहेरी पिन आणि तिची टोकं आतल्या बाजूने वळवून घट्ट बसवलेली. गंजून तुटली होती ती ही पिन. तीस-चाळीस वर्षं एका मुलीने हा हात ओढला, फिरवला, धरून झोपली आणि तरी कापड शाबूत होतं. हे कोणी शिवलं असेल, असा विचार करत मी बराच वेळ नुसती बघत बसले. मग प्रत्येक तुकड्याचा आकार कागदावर उतरवून घेतला. तीच माझी पहिली शाळा.

अस्वल परत देताना बाईंनी आधी डोक्यावरची जागा तपासली. तिथली लव पूर्ण झिजली होती, खालचं विणलेलं कापड दिसत होतं. मी तिथे नवं कापड लावलं नाही हे पाहून त्यांना बरं वाटलं. लहानपणी झोपताना त्यांची हनुवटी तिथे टेकलेली असायची. तेव्हापासून दुरुस्तीला काहीही आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, की कुठे हात लावायचा नाही? लोक क्षणभर गोंधळतात आणि मग अगदी नेमकं उत्तर देतात. कुणाला वाकडा कान तसाच हवा असतो, कुणाला आजीने घातलेला जाड टाका. वस्तू नवी करून देणं सोपं असतं. तिच्यात जमा झालेलं आयुष्य जागेवर ठेवून तिला उभं करणं हे खरं दुरुस्तीचं काम.

चांगल्या अस्वलाला मोहेरचं कापड लागतं. अंगोरा जातीच्या शेळीच्या केसांचं, लांब लव असलेलं हे कापड आपल्याकडे बाहेरून मागवावं लागतं आणि ते महाग पडतं. त्यामुळे बेतताना हात आपोआप सावध होतो. कापडाच्या उलट्या बाजूवर खडूने आकार काढायचा, लव कुठल्या दिशेला पडते त्याचा बाण मारायचा आणि कात्रीचं फक्त टोक वापरून खालचं विणकाम कापायचं. वरची लव कापली गेली तर शिवणीवर टक्कल दिसतं. डोक्याचे तीन तुकडे असतात, दोन बाजूंचे आणि मधे नाकापासून मानेपर्यंत जाणारी एक पट्टी. चेहरा कसा होणार हे त्या पट्टीच्या रुंदीवर ठरतं. मग उलट टीप, तुकडे सुलटे करणं, आणि भरण. भरायला सुरुवात नाकाच्या टोकापासून करायची, काठीने दाबून दाबून, बोटाला दगड लागावा इतकं घट्ट. पाठ शेवटी शिवायची, टाका दिसणार नाही अशी. त्यानंतर सुईच्या टोकाने शिवणीत अडकलेले केस एकेक करून बाहेर काढायचे.

एका अस्वलाला दोन-तीन दिवस सहज जातात. नागपुरात असताना हा वेळ मला चोरून काढावा लागे. गावात तो दिवसाच्या घडणीतच आहे. इथे वीज जाते तेव्हा काम थांबत नाही, कारण हाताची सुई विजेवर चालत नाही. सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत बसलं की उजेड भरपूर मिळतो. कुणी पाणी भरून जाताना दोन मिनिटं टेकतं, शाळेतून येणारी पोरं कान निवडून देतात. पाठीमागे धनेशाची जोडी वडावर फळं खाताना कर्कश ओरडत असते. मान वर करायची, पाहायचं, पुन्हा टाका घालायचा. या बघण्याला कोणी काम म्हणणार नाही, पण माझ्या अस्वलांचे चेहरे यातूनच बदलत गेले.

हा सगळा मुलूख तळ्यांचा. जुन्या काळी कोहळी समाजाने बांधलेली आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेली ही तळी आज मामा तलाव म्हणून ओळखली जातात, म्हणजे माजी मालगुजारी. त्यांच्या पाण्यावर धान होतं. हिवाळ्यात त्याच पाण्यावर परदेशी बदकं उतरतात. पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांमध्ये सारसाची जोडी घरटं करते. महाराष्ट्रात सारस आता याच भागात उरले आहेत आणि तेही मोजकेच. माणसाच्या उंचीचा हा पक्षी चिखलात रोवणीच्या वेळी दहा हातांवर उभा असतो आणि रोवणाऱ्या बाया त्याच्याकडे लक्षही देत नाहीत. बांधीत अंडी दिसली की ज्या शेतकऱ्याला त्याची कळकळ आहे तो तेवढा तुकडा तसाच सोडतो. त्याचं थोडं धान जातं. एका शेतकऱ्याला मी विचारलं की नुकसान किती होतं. त्याने हाताने एक गोल दाखवला आणि म्हणाला, "एवढंसं. त्याचं घर आहे ना ताई ते." संवर्धन या विषयावर मी पुष्कळ वाचलं होतं. त्या दिवशी ते एका माणसाच्या हिशोबात बसलेलं पाहिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस फुलतो आणि सावरही. मग सावरीची बोंडं तडकतात, रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडू लागतो. गावात त्याच्या उशा भरतात. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशाच एका झाडाचा कापूस, कपोक, अस्वलांत भरत असत. हे वाचल्यावर मी सावरीचा कापूस वापरून पाहिला. तो हलका असतो, दाबला की बसतो, म्हणून नाक आणि पाय घट्ट भरायला चालत नाही. पण पोटाला उत्तम. लहान मुलासाठीच्या अस्वलाला मी आता मणी किंवा काचेचे डोळे लावतच नाही, दोऱ्याने भरते. मूल काय ओढून तोंडात घालेल याचा नेम नसतो.

आमच्या शेजारच्या काकूंना माझं काम फार आवडे. कापडाचे तुकडे जमवून त्या नातवाला उशी करून देत. एकदा तयार झालेलं सोनेरी अस्वल मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अस्वल एवढं गरीब नसते, ताई." त्यांच्या घरधन्यांच्या खांद्यावर आणि कानामागे नखांच्या खुणा आहेत हे मी पाहिलं होतं, पण कशाच्या ते विचारलं नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं. मोहाच्या दिवसांतली गोष्ट. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं झाडाखाली पडतात. ती वेचायला माणसं अंधारातच निघतात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलंही येतात. झुडपाआड दोघांची गाठ पडली. अस्वलाला दिसतं कमी, अचानक कोणी जवळ आलं की ते पळण्याआधी हल्ला करतं. जीव वाचला, खांदा मात्र पूर्वीसारखा उचलला जात नाही.

काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. मोह वेचायला त्या अजूनही जातात, चार-पाच जणी मिळून, मोठ्याने बोलत, उजाडल्यावर. मला मात्र त्या एका वाक्याने बराच काळ स्वस्थ बसू दिलं नाही. मुलाच्या कुशीत झोपणारं अस्वल आणि या घरातल्या माणसाचा खांदा, या दोन गोष्टी एकाच गावात शेजारी शेजारी होत्या. मी शिवते आहे ते नक्की काय आहे?

उत्तराचा एक भाग मला फार दूर सापडला. जर्मनीत उल्म शहरापासून रेल्वेने थोड्या अंतरावर गिंगेन नावाचं लहान गाव आहे. तिथे मार्गारेटे श्टाइफ यांचं जन्मघर आहे आणि त्यांच्या कंपनीचं संग्रहालयही. कुटुंबासोबतच्या प्रवासात वाट वाकडी करून मी तिथे गेले. १८४७ साली जन्मलेल्या या बाईंना तान्हेपणी पोलिओ झाला. पाय गेले, उजवा हातही दुखरा राहिला. तरीही त्या शिवण शिकल्या. १८८० मध्ये त्यांनी टाचण्या खोचायला फेल्टचा छोटा हत्ती केला आणि मुलांनी तो खेळायला पळवला. खेळण्यांचा धंदा सुरू झाला तो असा. त्यांचा पुतण्या रिशार्ड श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन अस्वलांची रेखाटनं करत असे. त्यातून हातपाय फिरणारं मोहेरचं अस्वल तयार झालं. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने तशी तीन हजार मागवली. १९०७ साली या कारखान्यातून जवळजवळ पावणेदहा लाख अस्वलं बाहेर पडली. रिशार्डने आधी अस्वल पाहिलं, मग कापड हातात घेतलं, ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली.

गोष्टीची दुसरी बाजू अमेरिकेतली. नोव्हेंबर १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. होल्ट कॉलियर हा आयुष्याची सुरुवात गुलाम म्हणून केलेला निष्णात शिकारी त्यांचा वाटाड्या होता. त्याने एक अस्वल जखमी अवस्थेत पकडून झाडाला बांधलं आणि रूझवेल्टना बोलावलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांचं त्यावरचं व्यंगचित्र वॉशिंग्टन पोस्टमध्ये छापून आलं आणि ब्रुकलिनमधल्या मॉरिस आणि रोझ मिक्टम या दुकानदार जोडप्याने कापडाचं अस्वल करून खिडकीत ठेवलं. मुलांना सांगताना लोक इथे थांबतात. पण ते अस्वल वाचलं नाही. फार जखमी होतं म्हणून सुरीने मारलं गेलं. जगभर मुलं कवटाळतात त्या खेळण्याच्या मुळाशी एक बांधलेलं अस्वल आहे, हे कळल्यावर मला माझ्या लहानपणीचं अस्वल आठवलं.

आमच्या मोहल्ल्यात दरवेशी यायचा. नाकातून दोरी ओवलेलं काळं अस्वल डमरूवर नाचे, मागच्या पायांवर उभं राही. लहान मुलांना त्याच्या पाठीवर बसवत, भीती जाते म्हणून. त्याचा केस ताइतात घालून देत. मलाही बसवलं होतं. ते राठ केस, ती ऊब आजही तळव्यांना आठवते.

आग्र्याजवळ कीठमच्या तलावाकाठी वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचं अस्वलांसाठीचं केंद्र आहे. नाचायला लावलेली अस्वलं सोडवून तिथे आणली गेली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण रस्त्यावरचं शेवटचं नाचणारं अस्वल सुटायला २००९ साल उजाडलं. दरम्यान अस्वलं नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरे उद्योग मिळवून दिले, मुलांना शाळेत घातलं, बायकांना शिवणकाम शिकवलं. ती कुटुंबं गरीब होती आणि पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काही शिकली नव्हती. त्यांना पर्याय न देता नुसती अस्वलं काढून घेतली असती तर काही टिकलं नसतं, हे तिथे स्पष्ट समजतं.

तिथल्या एका म्हाताऱ्या अस्वलाचं नाक मी जाळीबाहेरून पाहिलं. तापवलेल्या सळईने भोक पाडून त्यातून दोरी ओवलेली असते. जखम भरली होती, खूण राहिली होती. मी इतकी वर्षं नाकावर सर्वांत जास्त मेहनत घेत आले आहे. जाड दोऱ्याचे उभे टाके, एकाला एक चिकटून, मधला किंचित लांब. चेहऱ्याचा सगळा भाव त्या बोटभर जागेत असतो. अस्वलाचं सगळं जगणंही नाकावरच चालतं, ते वासावर वारुळं शोधतं. तीच जागा माणसाने दोरीसाठी निवडली होती. त्या दिवसानंतर माझ्या अस्वलांच्या गळ्यात मी रिबन बांधलेली नाही. कुणी मागितली तर कारण सांगते. आजवर कोणी हट्ट धरला नाही.

घरी परतल्यावर मी ठरवलं, की आता आपलं अस्वल करायचं. त्यासाठी ते पाहायला हवं होतं. नागझिऱ्यात ते दिसेलच याची खात्री नसते. वाघासाठी आलेले लोक अस्वलाच्या वाटेवर फार थांबत नाहीत. मी गाइडला सांगून ठेवलं की मला वाघ नको, वारुळं असलेला रस्ता दाखव. एका हिवाळी सकाळी एक मादी रस्ता ओलांडून गेली. पाठीवर दोन पिल्लं, लांब केसांत पंजे रुतवून बसलेली. पिल्लांना असं पाठीवर घेऊन हिंडणारं अस्वल जगात हेच एक. दुसऱ्या वेळी ते दिसलं नाही, ऐकू आलं. वारूळ फोडून ओठांची नळी करून वाळवी ओढून घेण्याचा आवाज, शंभर पावलांवरूनही येणारा. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच आणि माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटता येतात. इतकं नेमकं घडलेलं जनावर आपल्या शेजारी राहतं.

मग नमुना नव्याने काढला. तोंड लांब आणि फिकट, कान मोठे आणि झुबकेदार, काळी लांब लव, छातीवर पांढरा व्ही, पंज्यांवर दोऱ्याने भरलेली लांब नखं. बसण्याची ढब बदलली, थोडं पुढे झुकलेलं, वास घेत असल्यासारखं. पहिलं तयार झालं ते काकूंना दाखवलं. त्यांनी नखांवरून बोट फिरवलं, छातीवरचा पांढरा पट्टा पाहिला आणि मान हलवली. "हे आहे आमच्याकडचं," म्हणाल्या. नातवासाठी एक मागून घेतलं. ज्या घरात अस्वलाने घाव घातला त्या घरातलं मूल ते अस्वल कुशीत घेऊन झोपतं. माझ्या कामाची एवढी मोठी पावती मला दुसरी मिळालेली नाही.

आता प्रत्येक अस्वलासोबत मी एक छोटा कागद देते. हे जनावर काय खातं, कुठे राहतं, पिल्लं कशी वाढतात, आणि जंगलात दिसलं तर जवळ का जायचं नाही. शहरातल्या काही आईवडिलांनी सुचवलं की शेवटची ओळ काढा, मुलं घाबरतील. मी ती काढत नाही. माझा अनुभव असा आहे की मुलं घाबरत नाहीत, त्यांना खरं सांगितलेलं आवडतं. एका मुलीने वाचून मला विचारलं, "म्हणजे हे माझं, आणि ते त्याचं स्वतःचं?" इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

गावातल्या काही बाया आता माझ्याबरोबर शिवतात. नमुना एकच, दोरा एक, तरी प्रत्येकीच्या अस्वलाचा चेहरा वेगळा होतो. तेंदूपानं आणि मोह यांच्या हंगामात त्या येत नाहीत आणि येऊही नयेत, ती कमाई त्यांची हक्काची आहे. रोवणीतही काम बंद असतं. राहिलेल्या महिन्यांत आम्ही जेवढं करू तेवढंच विकतो. पैशाचं स्पष्ट सांगायचं तर यातून कोणी श्रीमंत होत नाही. बाजारात कारखान्यातलं मऊ खेळणं जेवढ्याला मिळतं त्याच्या कितीतरी पट आमची किंमत असते. कापड आणि पिना यांचा खर्च वजा करून उरतं ती मजुरी, पण ती घरबसल्या, स्वतःच्या वेळेने आणि मान खाली न घालता मिळते. किंमत ऐकून गिऱ्हाईक परत गेलं तर मी वाईट वाटून घेत नाही. दर पाडायचा मात्र नाही, कारण तो माझ्या एकटीचा नाही.

या कामात नवं काही शिकू पाहणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की नमुने विकत घेण्याआधी जे जनावर करायचं आहे ते जाऊन बघा. अस्वल, मुंगूस, खार, सारस, जे तुमच्या भागात असेल ते. आणि मुलांना घेऊन जंगलात जाणार असाल तर वाघ दिसेपर्यंत गाडी पळवू नका, वारुळापाशी थोडा वेळ थांबा. मोहाच्या दिवसांत जंगलालगतच्या गावांतून जाताना पहाटे अंधारात पायवाटेने एकटं फिरू नका, गाडी सावकाश चालवा. मोह वेचणाऱ्या माणसांनाही त्या वाटेने सुखरूप घरी यायचं असतं, आणि अस्वलालाही परत जायचं असतं.